साडेचार तास

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. पुढचा घटनाक्रम कोणा एका रुग्णाचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं, चोपडा तालुक्यातलं कोणतंही गाव धरा आणि साठीचा एक शेतकरी धरा. लकव्याची सकाळ खानदेशात कशी वाया जाऊ शकते, ते इथे मांडलं आहे.

सकाळी ६.१० : साडेचार तास हातात

शेतीचा लाईट रात्रीचा, म्हणून तो रात्रभर गव्हाला पाणी भरून पहाटे घरी आलेला. ओट्यावर चहा घेताना उजव्या हातातून कप सुटला. तोंड डावीकडे ओढलं गेलं. बायको धावत आली, "आव, काय व्हयनं तुमले?" प्रश्न त्याला कळला, जीभ वळली नाही. रक्तदाबाची गोळी त्याने महिन्यापूर्वी सोडली होती, बरं वाटतंय म्हणून.

६.३० : ४ तास १० मिनिटं

थंडी बाधली, असं घरच्यांना वाटतं. कोमट तेलाने हात चोळतात, लिंबूपाणी पाजतात. हे पाणीच घातक ठरू शकतं. गिळण्याचे स्नायू लुळे पडले असतील तर ते श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होतो. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सुचवतं. या माणसांना अडाणी म्हणून मोकळं होऊ नये. त्यांचा त्याच्यावर जीव आहे. लकव्यावर वेळेत उपचार असतो, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही. छातीत कळ आली की गाव लगेच गाडी काढतं. लकवा बहुतेकदा दुखत नाही, म्हणून गाव वाट पाहतं.

७.२० : ३ तास २० मिनिटं

गावातले डॉक्टर येतात. रक्तदाब १९०/११०. जिभेखाली गोळी, हाताला सलाईन, "दुपारपर्यंत पाहू." खरं तर वाहिनी तुंबलेली असताना शरीर दाब वाढवून मेंदूच्या उरलेल्या भागाला रक्त पुरवण्याची धडपड करत असतं. तो झटकन उतरवला, तर तगून असलेला भागही मरू लागतो. मोठी वाहिनी बंद असेल, तर सरासरी मिनिटाला १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात.

८.१५ : २ तास २५ मिनिटं

पुण्यातला मुलगा फोनवर हट्ट धरतो, तेव्हा हालचाल होते. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे. तरी पहिला फोन शेजाऱ्याच्या पिकअपसाठी जातो.

९.०५ : १ तास ३५ मिनिटं

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना दोन मिनिटांत निदान कळतं. पण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून ओळखता येत नाही. रक्तस्रावात तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. सीटी स्कॅन हवाच, आणि तो इथे नाही. रेफरची चिठ्ठी मिळते. मग बाहेरच्या बाकावर खल चालतो : जळगाव की धुळे, सरकारी की खासगी, पैसे कुणाकडून आणायचे? त्यात पाऊण तास जातो.

१०.४० : शून्य

गाडीने तापी ओलांडली आहे. धरणगाव मागे पडलं, पाळधी यायची आहे.

११.३५

जळगावात सीटी होतो. रक्तस्राव नाही, गुठळीच आहे. इंजेक्शन चाललं असतं.

हा रुग्ण कदाचित जगेल. उजवा हात आणि वाचा परत येईलच असं नाही. अशी कितीतरी माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचतही नाहीत. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, साधारण सातांतला एक मृत्यू. त्यातले बहुतेक घरीच झाले होते.

हिमाचलचे रस्ते आपल्यापेक्षा अवघड. तिथे २०१४ पासून जिल्हा रुग्णालयातले साधे फिजिशियन सीटीचे फोटो मोबाइलवर न्यूरॉलॉजिस्टला पाठवतात, त्याच्या सल्ल्याने तिथल्या तिथे इंजेक्शन देतात, आणि ते सरकार मोफत पुरवतं. धुळ्यात १९८८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही आता आहे. चोपडा, शिरपूर, साक्री, रावेर अशा ठिकाणी चोवीस तास सीटी, फ्रीजमध्ये औषध आणि या महाविद्यालयांमधून फोनवर मिळणारा तज्ज्ञ, एवढी साखळी जोडायला हवी. नवं काही शोधून काढायचं नाही.

ती जोडली जाईपर्यंत आशाताईंनी, सरपंचांनी, शिक्षकांनी गावात सांगावं : तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक घडलं तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. तोंडाने काही देऊ नका. १०८ लावा. आणि सीटी कुठे होतो, हे आजच विचारून ठेवा.