सर्पगंधा, निपचित ससे आणि डोपामिन

"डॉक्टर, बाबा हल्ली मुद्दाम करतात. हाक मारली तरी लवकर उठत नाहीत, चेहरा नुसता कोरा, सदऱ्याची बटणे लावायला अर्धा तास!" कंपवाताच्या रुग्णांचे नातेवाईक अशी तक्रार अनेकदा करतात. बाबा मुद्दाम करत नसतात. त्यांच्या मेंदूत एक रसायन कमी पडलेले असते. हे वैद्यकशास्त्राला कसे कळले, त्याची गोष्ट आपल्याच देशातल्या एका मुळीशी जोडलेली आहे.

मज्जापेशी निरोप कसा देतात?

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एका पेशीच्या आत संदेश विजेच्या रूपाने धावतो. पण बहुतेक ठिकाणी दोन पेशींच्या मध्ये अतिशय बारीक फट असते. संदेश तिथे पोहोचला की पेशीच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांमधून रसायन बाहेर पडते, पलीकडच्या पेशीला चिकटते आणि निरोप पुढे जातो.

१९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला. ठोके मंद करणारी नस उत्तेजित केल्यावर त्या हृदयातला द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, तर त्याचेही ठोके मंदावले! नसा रसायन सोडतात हे सिद्ध झाले. मात्र मेंदूच्या आतही असेच चालते, हे अनेक शास्त्रज्ञांना पुढची तीसेक वर्षे पटत नव्हते.

मुळीपासून गोळीपर्यंत

सर्पगंधा आपल्याकडे फार पूर्वीपासून औषधात वापरली जाते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी वाढलेला रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रिसर्पिन वेगळे करण्यात आले.

औषध जगभर वापरले जाऊ लागले. तेव्हा डॉक्टरांना दिसले, की रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, तर काहींच्या हालचाली कंपवातासारख्या मंदावतात. रक्तदाबाचे औषध मेंदूत असे काय करत होते?

ससे उठून बसले

स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी हा प्रश्न हाती घेतला. रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून निपचित पडून राहत. आज आपल्याला ठाऊक आहे, की रिसर्पिनमुळे मज्जापेशींमधल्या त्या सूक्ष्म पिशव्या भरतच नाहीत आणि रसायनाचा साठा संपतो. १९५७ मध्ये कार्लसन यांनी अशा प्राण्यांना 'डोपा' टोचले. शरीरात या पदार्थापासून डोपामिन बनते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले! पुढच्याच वर्षी डोपामिन मेंदूत असते आणि रिसर्पिनने नाहीसे होते, हेही त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. तरीही १९६० च्या लंडनमधील परिषदेत अनेक नामवंतांनी ही कल्पना मान्य केली नाही.

त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात डोपामिन फारच कमी होते. १९६१ मध्ये तिथल्याच रुग्णांना लेवोडोपाची इंजेक्शने दिली, तेव्हा उठून बसू न शकणारे काही जण काही तासांसाठी चालू लागले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवलेल्या मात्रेत औषध देऊन उपचार टिकाऊ केला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

आज याचा अर्थ काय?

थेट डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून ते मेंदूत शिरू शकत नाही. लेवोडोपा शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. या गोळीने आजार मुळापासून बरा होत नाही, पण हरवलेली हालचाल बऱ्याच अंशी परत मिळते. म्हणूनच वेळा पाळणे महत्त्वाचे. गोळी मनाने अचानक बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

आणखी एक गोष्ट. खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपा असते, हे भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले होते. म्हणून बाजारातले चूर्ण आणून स्वतःच सुरू करू नका. त्यातली मात्रा आपल्याला ठाऊक नसते आणि चालू औषधात तिची भर पडते. वनस्पतीतले औषधही शेवटी रसायनच असते. सर्पगंधेने तेच तर शिकवले.

आणि बाबांना बटणे लावायला वेळ लागला, तर रागावू नका. त्यांचे मन केव्हाच उठलेले असते, निरोप हातापर्यंत पोहोचायला उशीर होतोय, एवढेच.