अजाण बालकांची गती

वाचकहो, आपल्याकडे घरात तान्हे मूल दगावले तर त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. दोन वर्षांच्या आतले मूल पुरावे, त्याची उदकक्रिया करू नये, असा निर्बंध मनुस्मृतीत आहे आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही आहे. आता स्मृती कोणी वाचलेली नसते. पण रीत गावोगाव ठाऊक असते. आमच्या अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्यातही हीच रीत. आणि अशा वेळी म्हातारी माणसे आईला काय सांगतात? ‘देवाघरचं लेकरू होतं, देवाघरी गेलं.’ एवढे एकच वाक्य. पण आईला तेवढाच आधार.

आज मला इतिहासातला एक प्रश्न तुमच्यापुढे मांडायचा आहे. हे वाक्य म्हणण्याची मोकळीक ख्रिस्ती आईला होती का? बाप्तिस्मा होण्याआधीच जे मूल गेले, ते देवाघरी गेले असे तिच्या धर्मगुरूने तिला सांगितले का? थोडक्यात उत्तर असे, की पुष्कळ शतके तसे निःशंकपणे सांगितले गेले नाही. आणि सांगण्याची वाट मोकळी होता होता जवळजवळ दीड हजार वर्षे गेली. हा प्रश्न केवळ युरोपातला नाही. तो गोव्यात आला, मुंबईत आला, आपल्या जालन्याच्या माळावरही आला.

आधी प्रश्न उभा कसा राहिला ते पाहू. बायबलात या बाबतीत थेट निकाल दिलेला नाही. येशूने लेकरांना जवळ घेतले, त्यांना अडवू नका म्हणून शिष्यांना बजावले, ही कथा आहे. दावीद राजाचे तान्हे मूल गेले तेव्हा आपण एक दिवस त्याच्याकडे जाऊ, असे तो म्हणाला, हीही कथा आहे. पण दुसऱ्या बाजूला, पाण्याने आणि आत्म्याने नवा जन्म झाल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे येशूचे एक वचन योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मग ज्याला पाण्याचा थेंबही लागला नाही त्याचे काय?

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याने या प्रश्नाची गाठ घट्ट बांधली. पेलागियस नावाच्या विचारवंताशी त्याचा वाद चालू होता. ऑगस्टीनचा युक्तिवाद असा: चर्च तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देते. बाप्तिस्मा पापाच्या क्षमेसाठी असतो. त्या अर्थी तान्ह्या मुलालाही पाप आहेच; त्याने स्वतः केलेले नव्हे, आदामापासून वंशपरंपरेने आलेले. म्हणून बाप्तिस्म्याविना गेलेले मूल दंडापासून सुटत नाही. फार तर त्याचा दंड सर्वांत सौम्य असेल. कार्थेज येथे ४१८ मध्ये भरलेल्या धर्मसभेने पेलागियसचे मत धिक्कारले. तर्क बिनतोड होता. पण तर्काच्या टोकाला पाळणा होता, ही अडचण खुद्द ऑगस्टीनलाही जाचत होती.

पूर्वेकडच्या ग्रीक चर्चने हा धागा इतका ताणला नाही. ऑगस्टीनच्या थोडे आधी न्यिसाचा ग्रेगरी याने अकाली गेलेल्या बालकांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, त्यात सूर दंडाचा नाही. पश्चिमेत मात्र गाठ सैल करायला मध्ययुग उजाडावे लागले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस आणि इतर पंडितांनी तडजोड काढली. ती म्हणजे ‘लिंबो’. या शब्दाचा मूळ अर्थ कड किंवा काठ. नरकाच्या काठावरची ही जागा. तिथे आग नाही, यातना नाहीत, स्वाभाविक सुख आहे. फक्त देवाचे दर्शन नाही. आणि काय हुकले याची त्या बालकांना जाणीवच नसल्याने दुःखही नाही. इटलीचा कवी दान्ते याने आपल्या महाकाव्यात नरकाच्या पहिल्या वर्तुळात अशा बालकांना जागा दिली आहे. एक गोष्ट मात्र शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावी. लिंबो हे पंडितांचे मत होते. कॅथलिक चर्चने त्याला अटळ सिद्धांताचा दर्जा कधीच दिला नाही. शिकवले मात्र ते शतकानुशतके.

पंडितांच्या मताचे गावात काय होते, ते पाहा. जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, असा कॅथलिक नियम आहे. देणारा ख्रिस्तीच असावा असेही नाही. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा. म्हणून युरोपात सुइणींना बाप्तिस्म्याचे शब्द शिकवून ठेवत. ज्याला पाणी मिळाले नाही, ते मूल पवित्र केलेल्या दफनभूमीत जात नसे. आयर्लंडमध्ये अशा बालकांच्या वेगळ्या जागा शेताच्या बांधाला, पडक्या देवळाशेजारी आजही दाखवतात. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ ओबरब्यूरेन नावाचे एक तीर्थस्थान होते. मृत जन्मलेली मुले आईबाप तिथे घेऊन जात. क्षणभर जिवाची खूण दिसावी, तेवढ्यात पाणी घालावे, आणि मग मातीत ठेवावे, एवढ्यासाठी. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे २५० तान्ह्या मुलांचे अवशेष सापडले. त्या आईबापांनी सिद्धांत नाकारला नव्हता. सिद्धांताच्या आतच त्यांनी आपल्या लेकरासाठी फट शोधली.

हीच श्रद्धा जहाजात बसून आपल्या किनाऱ्याला लागली. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास उतरला आणि लवकरच दक्षिणेच्या किनाऱ्यावर कामाला गेला. तिथे आपला सहकारी मान्सिल्यास याला १५४४ मध्ये त्याने जी पत्रे लिहिली, त्यांत नवजात मुलांना बाप्तिस्मा देण्यात हयगय करू नकोस, अशी सूचना पुन्हापुन्हा येते. ही घाई कशापायी, हे आता तुमच्या ध्यानात येईल. पाणी उशिरा पोचले तर मूल कायमचे हुकले, अशी त्याची खरोखर समजूत होती.

पण श्रद्धेच्या हाती सत्ता आली की तिचे रूप पालटते. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचे फर्मान निघाले. गोव्यातल्या ज्या हिंदू मुलांना आईबाप नाहीत, आजीआजोबा नाहीत, त्यांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात द्यावे आणि ख्रिस्ती म्हणून वाढवावे. कायदा करणाऱ्यांना वाटले, आपण आत्मा वाचवतो आहोत. मुलाच्या चुलत्यामामांना वाटले, मूल चोरले. एकाच कृतीची ही दोन नावे आहेत, आणि इतिहास वाचताना दोन्ही ऐकली पाहिजेत. ऐकली म्हणजे दोन्ही सारखी ठरतात असे नव्हे. जबरदस्ती ती जबरदस्तीच.

त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये आला आणि त्याने ओवीछंदात मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. म्हणजे ख्रिस्ती धर्म मराठीत बोलू लागला, आणि त्यात येशूच्या बालपणाची कथाही आली. त्या कथेत हेरोद राजा बेथलेहेमातल्या तान्ह्या मुलांची कत्तल करवतो. आता गंमत पाहा. त्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरी चर्च त्यांना संत मानते, २८ डिसेंबरला त्यांचा स्मरणदिन पाळते. त्यांचे रक्त हाच त्यांचा बाप्तिस्मा, असे उत्तर दिले जाई. उत्तर काही असो, पाण्यावाचूनही देवाघरी गेलेली बालके चर्चच्या पंचांगातच होती. पुढे गाठ सुटली त्यात या दाखल्याचा हात होता.

आता प्रॉटेस्टंटांकडे वळू, कारण जालन्यास आले ते हे. सोळाव्या शतकात कॅल्विनने सांगितले, की तारण पाण्यात नाही, देवाच्या निवडीत आहे. डोर्टच्या धर्मसभेने १६१९ मध्ये दिलासा दिला, की भाविक आईबापांनी आपल्या गेलेल्या लेकरांच्या तारणाविषयी शंका बाळगू नये. पण १६४७ च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात शब्द पडले ते ‘निवडलेली बालके’. निवडलेली बालके तरतात, असे तिथे म्हटले आहे. मग न निवडलेली? त्यावर श्रद्धापत्र गप्प आहे. आणि ज्या आईचे मूल गेले, तिला त्या गप्प बसण्याचीच धास्ती. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड प्रांतात १६६२ मध्ये मायकेल विगल्सवर्थ या पाद्र्याने न्यायाच्या दिवसावर काव्य लिहिले. त्यात त्याने अशा बालकांना नरकातच, पण त्यातल्या त्यात सोयीची जागा देऊ केली. ते काव्य घरोघर वाचले गेले.

त्याच न्यू इंग्लंडमधून अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी निघाले. त्यांतला सॅम्युअल न्यूएल. त्याची पत्नी हॅरिएट जहाजावर बाळंत झाली, मुलगी काही दिवसांतच गेली, आणि १८१२ च्या नोव्हेंबरात मॉरिशस बेटावर हॅरिएटही गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. न्यूएल पुढे मुंबईस आला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. मराठी मुलखातल्या प्रॉटेस्टंट कामाच्या पहिल्या पानावरच एका तान्ह्या मुलीचा मृत्यू आहे. हा प्रश्न त्या लोकांना केवळ पोथीतला नव्हता.

जालन्याचे नाव येते ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यामुळे. मुंबईत शिकलेला हा ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, सुमारे बारा वर्षांचा, मिशनरींच्या घरी जाऊन राहिला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. बाप कोर्टात गेला. मूल अजाण आहे, असे ठरवून कोर्टाने श्रीपतला बापाच्या हवाली केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि सनातनी मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला. पाहा, इकडे पाण्याविना मूल तरेल का हा वाद. तिकडे परक्या घरचे अन्न खाल्लेले मूल शुद्ध होईल का हा वाद. दोन्हीकडे मूल गप्प, आणि बोलतात ती मोठी माणसे.

नारायण शेषाद्री पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती बसवली आणि तिला बायबलातले ‘बेथेल’ हे नाव दिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. या मंडळींच्या चर्चचे श्रद्धापत्र मात्र तेच, १६४७ चे वेस्टमिन्स्टरचे.

त्याच काळात खुद्द स्कॉटलंडमध्ये श्रद्धापत्राची ती गाठ सुटू लागली. तिथल्या युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चने १८७९ मध्ये ठराव केला, की बालपणी मरणारे कोणी नाश पावते असे मानण्याचे बंधन कोणावर नाही. हे चर्च आणि फ्री चर्च १९०० मध्ये एकत्र आले. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियनांनी तर १९०३ मध्ये उघडच जाहीर केले, की बालपणी मरणारी सारीच मुले निवडलेली समजावीत. म्हणजे ‘निवडलेली बालके’ हा शब्द पुसला नाही. त्याचा अर्थच इतका रुंद केला, की कोणी बाहेर उरले नाही. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारेही आले आणि जाणते झाल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणारेही आले. दोन्ही रीती एका छपराखाली नांदतात. मुलाची अनंतकाळची गती पाण्यावरच टांगलेली आहे, असे सगळे मानत असते तर हे घडणे अवघड होते.

कॅथलिक चर्चची चाल सावकाश, पण दिशा तीच. १९१७ च्या धर्मविधानाप्रमाणे बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाला चर्चच्या विधीने मूठमाती मिळत नसे. १९८३ च्या विधानाने, आईबापांचा बाप्तिस्म्याचा हेतू होता तर बिशपच्या परवानगीने तो विधी करण्यास मोकळीक दिली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात लिंबोचा शब्द नाही. अशी बालके देवाच्या दयेवर सोपवावीत, असे आहे. आणि २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळाचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले आहे, की ही बालके तरतात अशी आशा बाळगायला भक्कम आधार आहेत. शब्द नेमका पाहा: खात्री नव्हे, आशा. बाप्तिस्मा लवकर द्यावा हा आग्रहही सोडलेला नाही. तरी आईला आता दाराबाहेर उभे राहावे लागत नाही.

हे घडले कशामुळे? नवे बायबल कोणी आणले नाही. वचने तीच होती. बदलला तो क्रम. पूर्वी पाण्याच्या वचनापासून सुरुवात करून मुलापर्यंत येत. आता लेकरांना जवळ घेणाऱ्या येशूपासून सुरुवात करून पाण्यापर्यंत जातात. आणि क्रम बदलायला लावणाऱ्यांत पंडित होते, तशा ओबरब्यूरेनला चालत गेलेल्या निनावी आयाही होत्या.

शिक्षकबंधूंनो, वर्गात कोणी विचारले, की ख्रिस्ती लोक याबाबत काय मानतात, तर एका वाक्यात उत्तर देऊ नका. कोणते चर्च आणि कोणते शतक, हे दोन उलट प्रश्न आधी विचारा. हीच कसोटी आपल्या स्मृतींना आणि रूढींनाही लावा. भारतात १९५१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार मुलांतली सुमारे १४६ पहिल्या वर्षातच जात. महाराष्ट्रात २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला. म्हणजे आपल्या आजीच्या पिढीत हा प्रश्न घरोघरचा होता. आज तो थोड्या घरांत येतो, पण येतो तिथे तितकाच जड असतो.

तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती घरात असा प्रसंग आला, तर भेटायला जाताना बिचकू नका. ‘देवाघरचं लेकरू देवाघरी गेलं’ हे आपले वाक्य त्या घरातही खुशाल म्हणा. त्यांच्या धर्माला ते आज परके नाही.