बालांगिगाच्या तीन घंटा

फिलिपिन्सच्या समार बेटावर दक्षिण किनाऱ्याला बालांगिगा नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या तीन घंटा वेगवेगळ्या काळातल्या आहेत. सर्वांत मोठीवर १८५३ हे साल आणि फ्रान्सिस्कन पंथाचं चिन्ह आहे. दुसऱ्या दोघींवर १८८९ आणि १८९५ ही सालं, त्या वेळच्या पाद्र्यांची नावं आणि घंटा पुन्हा ओतल्याची नोंद आहे.

१८९८ मध्ये स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन हा सगळा द्वीपसमूह अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनो लोकांनी तोवर स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, त्यामुळे नव्या मालकाशी युद्ध पेटलं. ऑगस्ट १९०१ मध्ये अमेरिकेच्या नवव्या पायदळ रेजिमेंटची एक तुकडी बालांगिगात येऊन राहिली. गाव साफ करून घ्यायचं म्हणून तुकडीचा प्रमुख कॅप्टन कॉनेल याने पुरुषांना धरून तंबूंत डांबलं. त्यांचे कोयते काढून घेतले, साठवलेल्या धान्याची नासाडी केली. २८ सप्टेंबरच्या सकाळी शिपाई न्याहारीला बसले होते. गावचा पोलीसप्रमुख वालेरियानो आबानादोर याने पहाऱ्यावरच्या अडॉल्फ गॅम्लिनची बंदूक हिसकावून त्याला खाली पाडलं. चर्चची घंटा वाजली आणि गाव तुटून पडलं. ७४ जणांच्या तुकडीतले ४८ अमेरिकन मेले.

मग सूड सुरू झाला. दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाला मारा आणि समारचं ओसाड रान करा, असं अमेरिकन जनरल जेकब स्मिथने हाताखालच्या अधिकाऱ्याला बजावलं. किती माणसं मेली यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. हुकमाबद्दल मात्र शंका नाही. लष्करी न्यायालयाने स्मिथला दोषी ठरवलं आणि समज देऊन सोडलं. घंटा सैनिकांनी लूट म्हणून नेल्या. दोन अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायेनच्या छावणीत गेल्या. धाकटी नवव्या रेजिमेंटकडे राहिली आणि शेवटी दक्षिण कोरियातल्या तळावर पोचली.

समारकरांच्या मनात अढी राहिली, पण तो निव्वळ द्वेष नव्हता. १९४४ मध्ये जपान्यांना हुसकावायला अमेरिकन फौजा शेजारच्या लेते बेटावर उतरल्या, तेव्हा त्याच अमेरिकेचं लोकांनी स्वागत केलं. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, करारमदार झाले. मैत्री खरी होती आणि घंटांची मागणीही खरी होती. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी १९९० च्या दशकात ती थेट अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्यापुढे ठेवली. वायोमिंगच्या माजी सैनिकांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या लेखी त्या घंटा म्हणजे आपल्या ४८ जणांचं स्मारक होतं. त्यांच्या दुःखाचा मी आदर करतो. पण दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू ठेवून घ्यायचा हक्क त्या दुःखातून मिळत नाही.

कोंडी फुटायला दुसऱ्या पिढीची माणसं कामी आली. ज्या गॅम्लिनला आबानादोरने पाडलं, तो त्या दिवशी वाचला होता. त्याच्या मुलीने या इतिहासाच्या शोधात स्वतः भाग घेतला, आणि घंटा परत द्या, असं ती अमेरिकेत सांगत राहिली. जिच्या बापावर घाव पडला तीच हे सांगते म्हटल्यावर विरोधकांना उत्तर देणं अवघड होतं. अशा स्मारकवस्तू परदेशी द्यायला कायद्याची आडकाठी होती, तीही पुढे दूर झाली. ११ डिसेंबर २०१८ ला तिन्ही घंटा विमानाने मनिलात उतरल्या आणि १५ तारखेला गावच्या चर्चला मिळाल्या. नाताळाआधीच्या पहाटेच्या मिस्सा दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायच्या होत्या.

आपल्याकडेही लुटीत आलेल्या घंटा आहेत. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांपैकीच मानतात. भीमाशंकरला आणि मेणवलीलाही अशा घंटा आहेत. त्या विजयाचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो बाळगावाच. पण मुलांना घंटा दाखवताना ती कोणी जिंकली एवढ्यावर थांबू नका. तिच्यावरचं सालही वाचून दाखवा आणि ती मुळात कुणाच्या प्रार्थनेसाठी ओतली होती, हेही सांगा.