अॅल्युमिनियमच्या होडीचा जीर्णोद्धार

अॅल्युमिनियम हा धातू गंजत नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. मराठी घरांत ज्याला 'जर्मन'चे पातेले म्हणतात ते ज्यांनी वर्षानुवर्षे घासले आहे, त्या गृहिणींना मात्र हा समज अर्धाच खरा असल्याचे पक्के ठाऊक असते. सोड्याच्या पाण्यात ते भांडे ठेवले की काळवंडते. खारट-आंबट पदार्थ त्यात रात्रभर राहिला की तळाला बारीक टोचे पडतात आणि एके दिवशी चुलीवरच गळती लागते. हे स्वयंपाकघरातील ज्ञान फार मोलाचे आहे. ते वेळीच ठाऊक असते, तर अमेरिकेतील काही कोट्यधीशांची एक होडी वाचली असती, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

ती होडी म्हणजे 'डिफेंडर'. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोघा तरुणांनी, एकमेकांची वार्ता नसताना, विजेच्या साहाय्याने अॅल्युमिनियम वेगळे काढण्याची एकच युक्ती शोधली. तोवर दागिन्यांच्या पंक्तीत बसणारा हा धातू त्यानंतर झपाट्याने स्वस्त झाला. आपल्याकडेही एकोणिसावे शतक संपता संपता मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडविण्याचा उद्योग सुरू केला. तिकडे शिडाच्या जहाजांची शर्यत जिंकण्याच्या ईर्ष्येने व्हँडरबिल्ट, आयझेलिन आणि मॉर्गन या धनिकांनी १८९५ साली नॅथॅनियल हेरशॉफ या विख्यात नौकाशिल्प्याकडून 'डिफेंडर' बांधून घेतली. वजन वाचविण्यासाठी तिच्या पाण्याबाहेरच्या अंगाला अॅल्युमिनियमचे पत्रे, पाण्याखालच्या अंगाला काशाचे पत्रे आणि आत पोलादाच्या फासळ्या, अशी तिची रचना होती. होडी वाऱ्यासारखी धावली, इंग्लंडची 'व्हॅल्किरी' हरली, करंडक अमेरिकेतच राहिला. पण दोन भिन्न धातू एकत्र जोडून खाऱ्या पाण्यात बुडविले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीत दुबळ्या धातूचा बळी जातो. कासे आणि पोलाद यांच्या संगतीत दुबळे होते ते अॅल्युमिनियम. ते पोखरत गेले. १८९९ साली नव्या होडीला सराव देण्यासाठी 'डिफेंडर'ची कशीबशी डागडुजी केली गेली आणि १९०१ साली ती मोडीत काढण्यात आली. अवघे सहा वर्षांचे आयुष्य!

दोष धातूचा नव्हता, संगतीचा होता. पुढे ज्या होड्यांची हकीकत आम्हांस सांगावयाची आहे, त्यांच्या दुरुस्तीचे सारे मर्म याच एका गोष्टीत आहे.

या होड्या धनिकांच्या नव्हेत. त्यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून झाला. १९४४ या एका वर्षात अमेरिकेने सुमारे ९६ हजार विमाने बांधली. त्यासाठी उभे केलेले अॅल्युमिनियमचे कारखाने, पत्रा ताणून वळविण्याची यंत्रे आणि रिव्हेट ठोकण्यात तरबेज झालेले हात, हे सारे युद्ध संपताच रिकामे होणार हे उघड होते. त्याच १९४४ साली आरमारासाठी लढाऊ विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीचे एक अधिकारी, विल्यम हॉफमन, अॅडिराँडॅक डोंगरांत सुट्टीला गेले होते. तेथे एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे तर लाकडाची, कॅनव्हासने मढविलेली होडी खांद्यावर वाहून न्यावी लागे. घामाघूम झालेल्या हॉफमनना प्रश्न पडला, की विमानाच्या पत्र्याची होडी का करू नये? पुढच्याच वर्षी ग्रुमनच्या कारखान्यातून अशा होड्या बाहेर पडू लागल्या.

वल्ह्याच्या होडीपासून यंत्राच्या होडीपर्यंतचे अंतर फार नव्हते, कारण यंत्र आधीच तयार होते. नॉर्वेहून लहानपणी विस्कॉन्सिनमध्ये आलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने होडीच्या मागे अडकविण्याचे सुटे इंजिन १९०९ साली बाजारात आणले. वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणावयास तो उन्हातून वल्हवीत गेला आणि परतेपर्यंत ते वितळून गेले, त्या वैतागातून हे यंत्र जन्मले, अशी आख्यायिका आहे. असे यंत्र बांधणारा तो काही पहिला नव्हे. पण ते घरोघरी नेले त्याने, आणि जाहिरात व हिशेब सांभाळले त्याच्या बेस या पत्नीने. १९५८ सालापर्यंत अशा यंत्राची शक्ती ५० अश्वशक्तीपर्यंत गेली होती. चौदा-पंधरा फुटांची, एक षोडशांश इंच जाडीच्या पत्र्याची, पुढे काच आणि सुकाणूचे चाक असलेली होडी, तिच्या मागे हे यंत्र, आणि ती वाहून नेणारी मोटारीमागची दुचाकी गाडी: कारखान्यातील कामगाराला किंवा शाळामास्तराला तळ्याकाठी बंगला नसतानाही जलविहार परवडू लागला तो या त्रयीमुळे. अटलांटाची फेदर क्राफ्ट, टेक्सासची लोन स्टार, इंडियानाची स्टारक्राफ्ट, मिनेसोटाची अॅल्युमाक्राफ्ट अशी कितीतरी नावे त्या काळी गाजली. त्यांतील काहींना मोटारींच्या अनुकरणाने शेपटीचे पंखही फुटले. त्या पंखांचा पाण्यात काडीइतका उपयोग नाही. पण आता त्याच पंखांसाठी लोक अशा होड्या शोधीत हिंडतात!

पुढे फायबरग्लासने बाजार जिंकला. त्याला हवा तो आकार देता येई, रंग आतूनच असे. अॅल्युमिनियमच्या होड्या अंगणात, गोठ्यात, झाडाखाली उलट्या पडल्या. परंतु पडल्या तरी त्या कुजल्या नाहीत. 'डिफेंडर' सहा वर्षांत गेली. या साठ-सत्तर वर्षे टिकल्या. गोडे पाणी आणि एकाच जातीचा धातू ही त्याची दोन कारणे. आता अशी एखादी होडी भंगाराच्या भावात घेऊन थोड्या पैशात पाण्यावर आणणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांची रीत पाहिली, की जीर्णोद्धार हा शब्द आम्हांस मुळीच मोठा वाटत नाही.

पहिली परीक्षा उलटीच असते. होडीत पाणी शिरते कोठून हे पाहण्यासाठी होडीतच पाणी भरावयाचे! तळाला भक्कम टेकू देऊन आत वीतभर पाणी ओतले, की बाहेरून जेथे जेथे थेंब झरतो तेथे खडूने खूण करतात. एक घनफूट पाण्याचे वजन बासष्ट पौंडांच्या वर असते. टेकू नसतील तर या परीक्षेतच होडी नापास होते. खूण केलेला रिव्हेट सैल झाला असेल तर पुन्हा ठोकून घट्ट करावयाचा, झिजला असेल तर काढून नवा बसवावयाचा. या कामाला दोन माणसे लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आत वाकून रिव्हेटच्या टोकाला जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो. युद्धकाळात विमानांच्या कारखान्यांत अमेरिकन स्त्रिया जोडीजोडीने हेच करीत. ठोकणाऱ्याचे नाव झाले, धरणारीचे कोणी घेतले नाही. खरे कौशल्य मात्र धरणारीचे असते. सर्व सांध्यांवर आतून चिकट लेप थापून मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना पडतो. लेप हा ठोकण्यानंतरचा उपचार आहे, ठोकण्याऐवजीचा नव्हे.

दुसरे काम लाकडाचे. पत्र्याच्या होडीत लाकूड कोठले, असे वाचक विचारतील. इंजिन ज्या मागच्या उभ्या फळीला अडकते तिच्या पोटात प्लायवूड असते, आणि बहुतेक जुन्या होड्यांत त्याचा भुगा झालेला असतो. वरून पत्रा साजरा दिसतो, इंजिन मात्र कुजक्या दातासारखे हलते. जुन्या फळीचा आकार कागदावर उतरवून, उत्तम प्लायवूडचे दोन थर चिकटवून दीड इंच जाडी करावी आणि कडांसह, प्रत्येक छिद्राच्या आतल्या बाजूसह, राळेसारख्या इपॉक्सीने ते बंद करावे. येथे काटकसरीच्या नादात एक घातक चूक होते. कुजू नये म्हणून औषध मुरविलेले लाकूड बाजारात मिळते. त्या औषधात तांबे असते. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडातून सोमलयुक्त औषध हद्दपार झाले आणि त्याच्या जागी आलेल्या औषधांत तर तांब्याचे प्रमाण अधिक आहे. असे लाकूड ओले होऊन अॅल्युमिनियमला टेकले, की 'डिफेंडर'चीच कथा पुन्हा सुरू होते. शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांब्याचा रंगही याच कारणासाठी वर्ज्य. तळाशी पडून राहिलेले तांब्याचे एखादे नाणेदेखील कालांतराने आपल्या आकाराचा खड्डा पाडून जाते.

बसण्याच्या फळ्यांखालचा जुना फेस पाणी पिऊन जड झालेला असतो. तो काढावा, पण त्याच्या जागी नवा भरलाच पाहिजे, कारण होडी उलटली तर तिला तरंगत ठेवतो तो तोच. जुना रंग काढताना कॉस्टिक सोडा कधीही वापरू नये. काळवंडलेले पातेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना कारण सांगावयास नको. येथे तर पत्राच विरघळतो. विमानांना लावीत तो हिरवट-पिवळा झिंक क्रोमेटचा अस्तर-रंग उत्तम टिके, पण तो कर्करोगकारक असल्याने आता झिंक फॉस्फेटचे अस्तर पत्करावे हे बरे. काही जण रंग न देता सारी होडी आरशासारखी घासतात. ही चकाकी फार दिवस टिकत नाही, आणि ती पुन्हा आणण्याच्या प्रत्येक खेपेस थोडा पत्रा झिजतो. आम्ही तरी तेवढे श्रम आणि पैसे फळीवर आणि रिव्हेटांवर खर्च करू.

इंजिनाविषयी थोडक्यात. एव्हिनरूडचा वारसा चालविणारी मोठी कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. ते नाव पुढे दुसऱ्यांनी चालविले आणि २०२० साली ती इंजिने बनणे थांबले. तरीही जुन्या यंत्रांचे पाण्याच्या पंपातील रबरी चक्र, इंधनाच्या नळ्या, ठिणगीची वेटोळी हे भाग इतर कारखाने बनवितात, आणि बहुधा तेवढ्यानेच ते यंत्र पुन्हा बोलू लागते. होडीवर इंजिनाच्या कमाल शक्तीची पट्टी असेल, तर तिच्यावरील आकडा मात्र ओलांडू नये. नवी फळी म्हणजे नवी होडी नव्हे.

आणि पाण्यात सोडण्यापूर्वी मागच्या फळीतळीचे बूच बसविले आहे ना, हे एकदा पाहावे. परीक्षेचे पाणी सोडून देण्यासाठी ते काढलेले असते, आणि नंतर कोणाच्या तरी खिशात राहून जाते.