पीट ग्रेचा डावा हात

बेसबॉलमध्ये आउटफिल्डरची दोन कामं: झेल आणि फेक. ग्लोव्ह एका हातात, फेक दुसऱ्या हाताने. मैदानावर पोरांना क्षेत्ररक्षण शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. झेल घेतल्यावर फेकीला लागणारा अर्धा क्षण कमी करण्यासाठी काय काय करावं लागतं, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच सेंट लुईस ब्राउन्सकडून १९४५चा एकच हंगाम खेळलेल्या पीट ग्रेविषयी मला इतका आदर आहे. त्याला उजवा हात नव्हता.

त्याची रीत अशी होती. ग्लोव्हमधली गादी त्याने जवळजवळ सगळी काढून टाकली होती. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की तो ग्लोव्ह उजव्या खांद्याच्या उरलेल्या थोट्याखाली दाबायचा, हात बाहेर ओढून घ्यायचा आणि छातीवरून घरंगळत येणारा चेंडू त्याच हातात घेऊन फेकायचा. झेल, काढणं, फेक या तिन्ही क्रिया एकापाठोपाठ एक, कुठेही न अडखळता. हे वर्षानुवर्षं एकट्याने घोटल्याशिवाय अंगात मुरत नाही.

त्याचं जन्मनाव पीटर वायश्नर. पेनसिल्व्हेनियातलं नँटिकोक हे कोळसा खाणींचं गाव. घर लिथुएनियातून आलेल्या खाणकामगाराचं. सहा वर्षांचा असताना तो गाडीवरून पडला, उजवा हात चाकाच्या आऱ्यांत सापडला आणि कोपराच्या वरून कापावा लागला. पोरगा मुळात उजखोरा! सगळं काही डाव्या हाताने नव्याने शिकला. पुढे दुसरं महायुद्ध पेटल्यावर सैन्यात भरती व्हायला गेला, तर सैन्याने नाकारलं.

डिमॅजिओ आणि टेड विल्यम्ससारखे खेळाडू सैन्यात गेले होते, म्हणून ग्रेला जागा मिळाली, असं म्हणतात. ते खरंच आहे. पण १९४४ साली मेम्फिसकडून त्याने काय केलं तेही सांगायला हवं: सरासरी .३३३, ६८ चोरलेले बेस आणि सदर्न असोसिएशन या खालच्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. दया म्हणून असा मान कुणी देत नाही. ब्राउन्स त्या वर्षीचे अमेरिकन लीगचे विजेते होते, आणि अशा संघाने त्याला विकत घेतलं. २० मे १९४५ला यँकीजविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने झाले. ब्राउन्सने दोन्ही जिंकले, आणि त्यात ग्रेचा मोठा वाटा होता.

त्याचं घोडं अडलं ते बॅटिंगमध्ये. एका हाताने जड बॅट फिरवायची म्हणजे फटका लवकर सुरू करावा लागतो, आणि एकदा सुरू झाला की मनगट तो आवरू शकत नाही. वेगवान चेंडू तो छान मारायचा. पिचर्सनी महिन्याभरात हे ओळखलं आणि त्याला वळणारे, संथ चेंडू टाकायला सुरुवात केली. दुसरा हातच नसताना त्याने फटका कसा बदलावा? ७७ सामने, २३४ पाळ्यांत ५१ हिट, सरासरी .२१८, होम रन एकही नाही. मात्र याच तक्त्यात एक आकडा मला फार मोठा वाटतो: अख्ख्या हंगामात तो फक्त ११ वेळा स्ट्राइकआउट झाला. म्हणजे चेंडू त्याला दिसत होता, बॅटला लागत होता. कमी पडत होता तो फटका ऐनवेळी बदलणारा दुसरा हात. नजरेत तो कुणापेक्षाही उणा नव्हता.

संघात सगळेच खूश नव्हते. गर्दी खेचण्यासाठी मालकांनी त्याला खेळवलं आणि त्यामुळे अजिंक्यपद गेलं, अशी कुजबुज होती. ब्राउन्स त्या वर्षी तिसरे आले. एका माणसाच्या माथी ते खापर फोडणं मला मुळीच पटत नाही. संघात आणखीही फलंदाज होते.

युद्ध संपलं, गेलेले परत आले. १९४६ साली ग्रे खालच्या लीगमध्ये टोलिडोकडून खेळला, आणखी काही वर्षं तसाच खेळत राहिला, मग नँटिकोकला परतला. २००२ साली तिथेच, ८७व्या वर्षी, तो गेला.