१०० ते ११२ : पलीकडून फोन उचलतं कोण?

गावात चोरी झाली, भांडण पेटलं की आपल्याकडं पहिला फोन जातो ओळखीच्या जमादाराला. त्यांची बदली झाली की तो नंबर कामाचा राहत नाही. म्हणून कुणा एकाच्या ओळखीवर न चालणारा नंबर लागतो. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

नोव्हेंबर १९३५, लंडन. विंपोल स्ट्रीटवरच्या घराला आग लागून पाच महिला दगावल्या. शेजाऱ्यानं फोन लावला होता, पण तो एक्स्चेंजच्या रांगेतच अडकला. त्यावर ओरड झाली आणि ३० जून १९३७ ला ९९९ नंबर सुरू झाला.

आपल्या देशात १ पासून सुरू होणारे छोटे नंबर खास सेवांसाठी राखले गेले. पोलीस १००, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०२. शहरात ठीक होतं, पण खेड्यात फोन होताच कुठं? इथं वर्दी द्यायचे पोलीस पाटील. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं ते काम आजही त्यांच्याकडं आहे. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर आपलं जिल्ह्याचं ठिकाणसुद्धा औरंगाबाद होतं.

मोबाईल आले, १०० नंबर खिशात आला. सोबत महिलांसाठी १०९१, मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिकेला १०८. अडचणीच्या वेळी आठवायचे तरी किती? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर एकाच नंबरची मागणी जोरात आली. २०१५ मध्ये ट्रायनं ११२ ची शिफारस केली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात तो सुरू झाला.

आता मुद्द्याचं. ११२ चा कॉल आपल्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून जिल्ह्याला आणि मग जवळच्या गाडीला निरोप जातो. नंबर सोपा झाला, पण ऐकणारा माणूस लांब गेला. त्याला "मारुतीच्या पाराजवळ या" म्हणून काय कळणार? हसनाबाद तर पश्चिम बंगालमध्येही आहे! मोबाईलवरून ठिकाण कळतं म्हणतात, पण शेतात रेंजचे हाल आपल्याला माहीतच आहेत.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना, लेकराबाळांना एवढं पाठ करून द्या : "हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना", मग रस्ता आणि जवळची खूण. ग्रामपंचायतीनंही हीच ओळ ११२ सोबत शाळेच्या भिंतीवर रंगवावी. डबाभर रंगाचा खर्च आहे.