उंदराच्या मेंदूतील न्यूरोपेप्टाइड-मार्गांचा शोध : पुराव्याचा इतिहास

पाठ्यपुस्तकातील आकृतीत मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारा बाण असतो. वर्गात आपणही तो फळ्यावर सहज काढतो. तथापि असा बाण काढण्याचा अधिकार संशोधकांना कसा प्राप्त झाला, याची चर्चा अध्यापनात क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

1931 मध्ये फॉन ऑयलर व गॅडम यांनी मेंदू आणि आतड्याच्या अर्कातून ‘सबस्टन्स पी’ शोधून काढले. पुढे प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेप्टाइडयुक्त तंतू सूक्ष्मदर्शकाखाली रंगवता येऊ लागले. परंतु पातळ छेदात तंतू तुटलेला असतो. तो कोठे आहे हे दिसते, कोठून आला हे दिसत नाही. या संशोधनाची खरी अडचण हीच होती.

तिच्यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय रेखकाचा. 1970 च्या दशकाच्या आरंभी हॉर्सरॅडिश या मुळातील पेरॉक्सिडेज विकर तंतूच्या टोकाशी टोचले असता ते उलट दिशेने मूळ पेशीपर्यंत वाहून नेले जाते, असे आढळले. 1984 पासून राजम्यातील एक प्रथिन सुलट दिशेच्या मागोव्यासाठी वापरात आले. (मेंदूचा नकाशा काढण्यास भाजीबाजाराची अशी मदत व्हावी, हे गमतीचेच!) दुसरा उपाय उगमच नष्ट करण्याचा. लेग्राडी व लेकन यांनी 1998 मध्ये नवजात उंदरांना मोनोसोडियम ग्लुटामेट देऊन हायपोथॅलॅमसमधील आर्क्युएट केंद्रक नष्ट केले. त्यानंतर थायरॉइड-नियंत्रक पेशींभोवतालचे न्यूरोपेप्टाइड वाय असलेले बहुतांश तंतू नाहीसे झाले. तंतूंचा मुख्य उगम त्यामुळे निश्चित झाला.

या परंपरेत महाराष्ट्राचेही योगदान आहे. आपल्या क्रमिक पुस्तकांत मात्र त्याचा उल्लेख आढळत नाही. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कार्ट’ या पेप्टाइडवर दीर्घकाळ काम केले. कोकेन व अ‍ॅम्फेटामिनमुळे ज्याचा संदेशक आरएनए वाढतो, म्हणून 1995 मध्ये त्यास हे नाव मिळाले. भूक शमविण्यातील त्याची भूमिका 1998 मध्ये पुढे आली, तरी नाव व्यसनाशीच जोडलेले राहिले.

2012 च्या निबंधात या गटाने न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्समधील कार्ट डोपामिनच्या *नंतर* कार्य करते व मॉर्फिनचा सुखद परिणाम घडवून आणते, असे दाखविले. 2017 मध्ये त्यांनी पार्श्व हायपोथॅलॅमसकडून मध्यमेंदूतील व्हेंट्रल टेगमेंटल क्षेत्राकडे जाणाऱ्या मार्गाचा अभ्यास केला. उंदीर आपल्याच मेंदूस विद्युत्-उद्दीपन मिळावे म्हणून तरफ दाबतो. त्या क्षेत्रात कार्ट दिल्यावर हे वर्तन वाढले, तर कार्टविरोधी प्रतिपिंड दिल्यावर ते घटले. येथे कार्ट डोपामिन-पेशींच्या *आधी* येते.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले असता परस्परविरोधी वाटतात; पण तसे नाही. एकच रेणू मार्गाच्या दोन टप्प्यांवर, दोन निरनिराळ्या ठिकाणी कार्यरत आहे. त्यामुळे ‘कार्टचा मार्ग’ म्हणून फळ्यावर एकच बाण काढता येत नाही. निदान दोन तरी काढावे लागतात.